पिवळ्या फेरीवरचं बाकडं

सोमवार, १० जून

धाकट्या,

पाकिटावरचा पत्ता माझ्या अक्षरात नाही. आमच्या दातांच्या लॅबमधल्या पॉलिशवाल्या काकांकडून तो लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच टाकून दिलं असतंस. पाच वर्षांनी भावाला लिहितेय आणि सुरुवातच लबाडीने. पण फोडलंस ना, मग आता पूर्ण वाच.

आधी हे सांगते की मुकादम ठीक आहे. त्याला दहावं लागलंय, तोंडावरचे केस पांढरे झालेत, मागचा डावा पाय सकाळी जरा आखडतो. बुटांच्या खोक्यातून तू त्याला आणलंस तेव्हा हे कुत्रं या घरात राहणार नाही म्हणून बाबांनी जाहीर केलं होतं, आणि आठवड्याभरात त्याचं नावही त्यांनीच ठेवलं. चालायला निघालं की मागे रेंगाळणाऱ्याला हाकत पुढे आणायचा म्हणून मुकादम. अजूनही तसाच आहे. फक्त हाकायला आता मी एकटीच उरलेय.

उन्हाळ्यातले रविवार आम्ही दोघं जंगलातच काढतो. शहराबाहेरच्या त्या गोल वाटा तुला माहीत आहेत. निळी पाऊण तासाची, पिवळी दोन तासांची, लाल टेकडीवर चढणारी. फाटकापासून निघायचं, झाडांवरचे रंगाचे पट्टे बघत जायचं, पुन्हा फाटकाशी यायचं. डब्यात दोन उकडलेली अंडी, एक माझं, एक त्याचं.

काल आम्ही पिवळ्या फेरीवर गेलो होतो.

अर्धी फेरी संपल्यावर वाटेत एक मोडून पडलेलं झाड लागतं. तिथे मुकादम थांबला. बुंध्याच्या मागे एक मुलगी बसली होती, सहा वर्षांची असेल. एका पायात सँडल, दुसरी हातात, पट्टा तुटलेला. रडत नव्हती. मुकादमला बघून तिने पहिलं काय विचारलं असेल तर, हा चावतो का. मी म्हटलं, नाही, हा फक्त हुकूम सोडतो. कोणाबरोबर आलीस म्हटल्यावर म्हणाली, आजोबांबरोबर. ते कुठे आहेत, मी विचारलं.

"बाकड्यावर. झोपलेत. मी खूप वेळ थांबले, मग पुढे आले. गोल वाटेवर माणूस हरवत नाही, असं आजोबा म्हणतात."

बाकडं पंधरा-वीस मिनिटं मागे होतं. मी म्हटलं, चल, आपण उठवू त्यांना. सँडलला माझ्या रुमालाची गाठ मारली. ती मधे, मी एका बाजूला, मुकादम तिच्या टाचांशी. तिचा पुढचा एक दात हलत होता, तो तिने मला जिभेने हलवून दाखवला. आजोबांचे सगळे दात निघतात, ते पेल्यात ठेवतात, असंही सांगितलं. मी कवळ्या करते म्हटल्यावर तिला माझ्याबद्दल फारच आदर वाटायला लागला.

बाकडं दिसलं तेव्हा तिला मी वीस पावलांवर उभं केलं. मुकादमचा पट्टा तिच्या हातात दिला, याला सांभाळ म्हटलं, आणि एकटी पुढे गेले. त्या माणसाच्या हाताला हात लावला.

धाकट्या, तो मेलेला होता.

मी परत आले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, झोपू दे त्यांना. ती म्हणाली, मी सांगितलंच होतं. मग फाटकाकडे निघालो. टेकाडावर फोनला रेंज आली तशी ती चार झाडं पुढे असताना वनरक्षकाला फोन केला. चालताना तिला एकच काळजी. आजोबा उठले आणि ती दिसली नाही तर ते घाबरतील. मी काय सांगितलं ते आठवत नाही. काहीतरी सांगितलं.

तिची आई बस चालवते. ड्यूटी मधेच सोडून गणवेशातच आली, छातीवर बिल्ला तसाच लटकत होता. तो माणूस तिचे वडील.  नुसती फाटकाच्या लोखंडी दांड्याला धरून उभी राहिली आणि दांडा सोडायला तिला जमेना. वनरक्षकाने तिची बोटं एकेक करून सोडवली.

घरी आले, नळ सोडला आणि नळासमोर उभी राहिले. हात धुवायचे होते हे कितीतरी वेळाने आठवलं.

हे तुलाच का लिहितेय, ते मला अजून नीट कळलेलं नाही. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

ताई


मंगळवार, १८ जून

धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं मीही धरलं नव्हतं.

पण तू लहानपणापासून हिशोबी. पत्र वाचून तू मनातल्या मनात वाट आखली असशील, आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली असेल. बाकडं मागे होतं. आम्ही परत फिरून तिथे गेलो. म्हणजे मुलगी सापडायच्या आधी मी त्या बाकड्यावरून गेलेच असणार.

गेले होते.

अकराला दहा कमी होती. वेळ नक्की माहीत आहे, कारण अंडी कधी खायची म्हणून मी घड्याळ बघितलं होतं. तो माणूस बाकड्यावर बसलेला, पाठ टेकलेली, डोकं जरा मागे, टोपी मांडीवर. मी नमस्कार म्हटलं. उत्तर नाही. मला रागच आला, खरं सांगते. जंगलात दोन माणसं भेटतात, त्यातही एकाला हूं म्हणायचा कंटाळा. मग त्याचे डोळे मिटलेले दिसले.

मुकादम त्याच्या पायांशी जाऊन बसला. चल म्हटलं, हलेना. तुला माहीत आहे, बसला की तो पोत्यासारखा होतो. त्यामुळे मी तिथे दोन मिनिटं तरी उभी होते. आणि त्या दोन मिनिटांत मी काय बघत होते, ते तुला लिहायला हात धजत नाही.

मी त्याची कवळी बघत होते.

तोंड अर्धवट उघडं होतं. वरची कवळी सुटून खाली आली होती, खालच्या दातांवर टेकली होती. हिरडीत आणि तिच्यात बोटभर फट. एकवीस वर्षं मी हेच काम करतेय, नजर आपोआप तिकडेच जाते. मी मनात म्हटलं, कोणी केलंय हे भिकार काम, माप तरी नीट घ्यायचं होतं. त्याच्या खालच्या ओठावर माशी बसली होती. ती उडाली नाही. ओठही हलला नाही. मी तेही पाहिलं, आणि किती गाढ झोप लागलीय म्हणून मला त्याचा हेवा वाटला. मग मुकादमला पट्ट्याने ओढत पुढे नेलं. त्याच्या नखांच्या रेघा मातीत उठल्या.

परत फिरताना त्या पोरीचा हात धरून चालत होते, तेव्हा मधेच कुठेतरी ती माशी मला आठवली.  तोंडाने दातांबद्दल बोलत होते, आणि आत सगळं कळून चुकलं होतं. म्हणून तिला वीस पावलांवर उभं केलं. हात लावायच्या आधीच मला ठाऊक होतं.

मी केलेली कवळी असती तर सुटली नसती, हेसुद्धा मनात आलं बघ. माणूस मेलाय आणि मी कारागिरी तपासतेय.

पोलिसांनी जबाब घेतला. मुलगी कुठे सापडली, मग काय केलंत, किती वाजता फोन केलात. जेवढं विचारलं तेवढं सांगितलं. त्याआधी तुम्ही तिथून गेला होतात का, असं कोणी विचारलं नाही. मी खोटं बोलले नाही. नुसती गप्प बसले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालंय. लॅबमध्ये फोन वाजला की मेणाची सुरी हातातून सुटते. परवा एका बाईचा साचा फोडला. प्लास्टर काढताना त्याचे दोन तुकडे झाले; तिला पुन्हा बोलवून माप घ्यावं लागलं. काका म्हणाले, चार दिवस घरी बस. घरी बसून काय करू? घरात मुकादम आहे आणि तो माझ्याकडे बघतो.

ताई


गुरुवार, २७ जून

धाकट्या,

ती आली होती. बस चालवणारी, मुलीची आई.

जेवणाची सुट्टी होती. लॅबच्या बाहेरच्या खोलीत, जिथे साच्यांचे खोके रचून ठेवतो, तिथे ती खुर्चीच्या कडेवर बसली. पत्ता वनरक्षकाकडून मिळवला म्हणाली. आधी आभार मानले. मुलगी बरी आहे, दात पडला, कुत्र्याची आठवण काढते. आजोबा गेले हे तिला सांगितलंय. तिने फक्त विचारलं की मग त्या बाई झोपलेत असं का म्हणाल्या.

मी पाणी आणायला उठले, तिने नको म्हटलं. मग जे विचारायला आली होती ते तिने विचारलं. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की हृदय एकदम बंद पडलं असेलच असं नाही, पंधरा-वीस मिनिटं, कदाचित अर्धा तासही गेला असेल, नक्की सांगता येत नाही. तिच्या डोक्यात तेवढंच घोळत होतं.

"तुम्ही हात लावलात तेव्हा काहीच नव्हतं का? श्वास वगैरे?"

मी नाही म्हटलं. ती मान हलवून उठायला लागली. तेवढ्यावर सुटले असते मी. धाकट्या, ती दारापर्यंत पोचली होती.

मी म्हटलं, "मी त्याच्या आधीही तिथून गेले होते."

ती परत बसली. मग मी सगळं सांगितलं, कवळीसकट, माशीसकट. कुत्रा बसला होता आणि मी त्याला ओढून नेलं, हेही. ती खोक्यांवरच्या चिठ्ठ्यांकडे बघत होती, पेशंटांची नावं असतात त्या.

"किती वाजले होते?"

"अकराला दहा कमी."

तिने तोंडावर हात ठेवला. आजोबा-नात बाहेर असले की ती साडेदहाला, बस शेवटच्या थांब्यावर लागली की, वडिलांना फोन करायची. त्या दिवशी एका प्रवाशाशी वाद झाला आणि राहिला. तिथे रेंज नसते, मी म्हटलं. तिला ते माहीत होतं. तरी फोन करायची, लागला नाही म्हणजे ते जंगलात आहेत असं समजायची, म्हणाली.

 आत काकांनी पॉलिशचं मशीन चालू केलं. तिची वेळ झाली तशी उठली आणि म्हणाली, हे मला सांगायला नको होतं तुम्ही. गेली. मी तिथेच. दोन मिनिटांनी दार उघडून पुन्हा आत आली.

"नाही. सांगितलंत ते बरं केलंत. पण मला परत भेटू नका."

बस, एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही मागितली नाही.

आता तुझं. हे तुलाच का लिहितेय ते आज मला कळलं, खोक्यांसमोर बसल्या बसल्या.

बाबांच्या शेवटच्या महिन्यात तू फोन केला होतास, घरातल्या मधल्या बोळातल्या फोनवर, दुपारी. बाबांना दे, म्हणालास. मी म्हटलं, झोपलेत.

ते झोपले नव्हते. उशीला टेकून बसले होते, जागे. मुकादम पायांशी होता. नऊ दिवसांनी ते गेले, आणि त्या नऊ दिवसांत तुझा दुसरा फोन आला नाही. तू आलास तो सगळं संपल्यावर. दारात उभा राहिलास, त्यांची काठी एकदा हातात घेतलीस, परत ठेवलीस आणि पाणीही न पिता गेलास. मला वाटलं, वेळेवर कळवलं नाही याचा राग आहे. लोकांना मी तेच सांगत आले. माझा भाऊ रागीट आहे.

का केलं ते सांगते, सबब म्हणून नाही. त्या सकाळी मी तीनदा चादरी बदलल्या होत्या. लॅबमधून बिनपगारी रजा चालू होती. आणि तू तिकडून दर आठवड्याला उंटावरून शेळ्या हाकायचास, हे औषध विचार, ते डॉक्टर बघ, त्यांना बसवत जा. तुझा आवाज ऐकला की बाबांचा चेहरा उजळायचा. मी दिवसभर समोर असायचे, माझ्याकडे बघून तो कधी उजळला नाही. त्या दिवशी म्हटलं, आज नाही. आज नाही मिळणार तुला तो चेहरा.

हे मी पाच वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. मुकादमला माहीत आहे, पण तो बोलत नाही.

ताई


गुरुवार, ११ जुलै

धाकट्या,

तुझं पत्र काल आलं. टेबलावर ठेवून आधी भांडी घासली, मुकादमला फिरवून आणलं, मग फोडलं. चार ओळी. मी त्या उभ्यानेच वाचल्या, आणि मग खाली बसले ते खुर्चीवर नाही, जमिनीवर.

"ताई, फोनवर हात नीट ठेवला नव्हतास. मागून बाबांनी 'कोण आहे गं' विचारलं ते मला ऐकू आलं. तू 'कोणी नाही' म्हणालीस, तेही. पुढे ते काय म्हणाले, तेवढं लिही."

तर तुला ठाऊक होतं. दारात उभा राहिलास तेव्हाही ठाऊक होतं. पाच वर्षं तू वाट बघत होतास की मी सांगते की नाही, आणि मी सांगितलं तेसुद्धा अर्धंच. 'झोपलेत' एवढं कबूल केलं आणि 'कोणी नाही' गिळून टाकलं. मला खरंच वाटलं होतं की तो शब्द फक्त माझ्यापाशी आहे. तळहात किती घट्ट दाबला होता, ते आजही आठवतं. आणि तू ते सगळं ऐकून, ठीक आहे, उठले की सांग मी फोन केला होता, असं म्हणून फोन ठेवलास. आवाजात काही म्हणजे काही कळू दिलं नाहीस. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवतेय. मला त्यात कधीच काही ऐकू आलं नव्हतं.

 आज लॅबमध्ये काकांनी विचारलं, भावाचं पत्र आलं वाटतं? मी हो म्हटलं. चांगलं आहे ना, म्हणाले. मी पुन्हा हो म्हटलं, आणि मेण वितळवायला घेतलं आणि जाळलं.

तू विचारलंस ते लिहिते. मनाचं काही घालणार नाही.

फोन ठेवून मी खोलीत गेले. बाबा दाराकडेच बघत होते. मी उशी सारखी केली, पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी घेतला नाही. जरा वेळाने म्हणाले,

"'कोणी नाही'शी बराच वेळ बोललीस."

आवाज चढवला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मग मुकादमला वर घे म्हणाले. पलंगावर कुत्रा चढवायचा नाही हा त्यांचाच नियम. मी त्याला उचलून त्यांच्या कुशीत ठेवलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले, एक हात त्याच्या मानेवर. त्यानंतर फोन कोणाचा, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. वाजला तरी नाही.

आता तू विचारलं नाहीस तेही लिहिते. तुझा नंबर फोनशेजारच्या पाटीवर खडूने लिहिलेला होता, मोठ्या अक्षरात, त्यांना दिसावा म्हणून. मी रोज त्या पाटीसमोरून वीस वेळा जायचे. त्यांना फोन लावून द्यायला मला दोन मिनिटंही लागली नसती. पहिल्या दिवशी राग होता, दुसऱ्या दिवशीही असेल. तिसऱ्या दिवसापासून राग नव्हता, नुसती लाज होती, आणि लाजेपायी मी उरलेले सात दिवस घालवले. त्यांनी मागितलं असतं तर लावून दिला असता, असं मी स्वतःला समजावत आले. ते मागणार नव्हते, धाकट्या. त्यांना वाटलं असेल, तूच त्यांच्याशी बोलायला नको म्हणालास.

पत्राच्या मागच्या बाजूला तू पेन्सिलने लिहिलंयस की सत्तावीस तारखेला येतोयस, मुकादमला बघायला. मला बघायला येतोयस का, ते अजून ठरलेलं नाही. मान्य. बाहेरच्या खोलीत अंथरूण घालते. तुझी किल्ली अजून चालते, कुलूप बदललेलं नाही. त्या दिवशी शनिवार आहे, मी दुपारपर्यंत लॅबमध्येच असते, तेव्हा दोघांना एकमेकांकडे पोटभर बघून घेता येईल. त्याच्या डाव्या पायाला हात लावू नकोस, दुखतो. तो तुला ओळखेल का ते मी सांगू शकत नाही.

रविवारी त्याला फिरायला नेतोस का? मला पिवळ्या वाटेवर पाऊल टाकवत नाही. दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आले. तुम्ही दोघं जा. मी फाटकाशी थांबेन. नको असेल तर घरी थांबेन.

ताई